‘दातांनी कोण मरतं?’ या प्रश्नाचं काय करायचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी दंतवैद्य आहे. पदवीनंतर काही काळ बाबांच्या दवाखान्यात काम केलं आणि आता सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करते आहे. वर्गात एकदा गटचर्चा होती: एका काल्पनिक देशाचं आरोग्याचं बजेट तुटपुंजं आहे, तुम्ही कोणत्या पाच गोष्टींवर खर्च कराल? मी मौखिक आरोग्याचं नाव घेतलं. एक जण म्हणाला, ‘दातांनी कोण मरतं?’ सगळे हसले आणि फळ्यावरून ते नाव पुसलं गेलं. मला उत्तर सुचलं नाही. आता प्रबंधाचा विषय ठरवायचा आहे. मार्गदर्शकांकडे क्षयरोगाचा एक प्रकल्प तयार आहे, निधीसकट. माझ्या मनात शाळकरी मुलांच्या दातांचं सर्वेक्षण आहे, पण तो विषय हलका समजला जाईल आणि पुढे त्याच्या जोरावर काम मिळणार नाही अशी भीती वाटते. मौखिक आरोग्य खरंच जागतिक सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, की हे नुसतं माझं व्यवसायप्रेम? दात सोडून ‘खऱ्या’ सार्वजनिक आरोग्याकडे वळू का? आणि बाबा विचारतात, ‘हेच करायचं होतं तर दातांचं एवढं शिक्षण कशाला घेतलंस?’ त्यांना काय सांगू?

उत्तर:

आधी त्या हसण्याचं बघू, कारण तुमच्या पत्रातला सगळा गुंता तिथूनच सुरू झालेला दिसतो.

‘दातांनी कोण मरतं?’ याचं सरळ उत्तर द्यायचं तर तोंडाच्या आजारांनी माणसं मरतात. ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे जगभरात दर वर्षी सुमारे ३ लाख ८० हजार नवे रुग्ण निघतात. नोमा नावाचा आजार आहे. कुपोषित लहान मुलाच्या हिरडीवर साध्या व्रणानं तो सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत गाल, ओठ, जबडा सडवत जातो. उपचार मिळाले नाहीत तर अशा मुलांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मुलं दगावतात. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी, तोंडाच्या स्वच्छतेनं आणि पोषक आहारानं तो थांबवता येतो. आणि किडक्या दाताचा संसर्ग जबड्याखाली, मानेत उतरला की श्वासनलिकेवर दाब येऊन जीव धोक्यात येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण हे उत्तर वर्गात देऊन वाद जिंकायच्या फंदात पडू नका. ते दिलंत की समोरच्याची कसोटी तुम्हीही मान्य केली असं होतं. जो आजार जास्त माणसं मारतो तो मोठा, ही ती कसोटी. त्या मापानं तोंडाचे आजार हिवताप, क्षयरोग किंवा बाळंतपणातल्या मृत्यूंच्या मागेच राहणार, आणि राहायलाही हवेत. पण त्याच मापानं मानसिक आजार, मोतीबिंदू, पाठीचं दुखणं हे सगळंच फळ्यावरून पुसावं लागेल. तुमच्या वर्गात ते कुणी पुसलं नसेल, असं मला वाटतं.

१९९०च्या दशकात जागतिक रोगभार मोजायचा अभ्यास सुरू झाला, तोच या अडचणीतून. मृत्यूनं हिरावलेल्या वर्षांच्या जोडीला आजारपण अंगावर काढत घालवलेली वर्षंही हिशेबात घ्यायची, असं ठरलं. प्रत्येक दुखण्याला, ते किती त्रासदायक आहे हे सांगणारं, एक वजन दिलं गेलं. त्यात दातदुखीला फारच कमी वजन मिळालं. माझ्या मते जरा जास्तच कमी. दाढ दुखत असताना रात्री दोन वाजता कुणी वजन ठरवणाऱ्यांना फोन केला असता तर आकडा थोडा हलला असता. तरीही या हिशेबात तोंडाचे आजार दिसतात ते संख्येमुळे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये जगातल्या मौखिक आरोग्याची स्थिती सांगणारा अहवाल काढला. त्यानुसार सुमारे ३.५ अब्ज लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, म्हणजे जवळपास निम्म्या जगाला. कायमच्या दातांची उपचार न झालेली कीड सुमारे २ अब्ज लोकांमध्ये, दुधाच्या दातांची ५१ कोटींहून अधिक मुलांमध्ये, आणि हिरड्यांचे गंभीर विकार सुमारे १ अब्ज प्रौढांमध्ये. दर चार रुग्णांपैकी तीन अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. गेल्या ३० वर्षांत रुग्णांची संख्या सुमारे १ अब्जानं वाढली आहे.

यातला शेवटचा आकडा बघा. दंतवैद्यकानं इतकी प्रगती केली, इम्प्लांट आले, लेझर आले, आणि तरी रुग्ण वाढतच गेले. हे का झालं असावं, हा प्रश्न मला ‘दातांनी कोण मरतं’ यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, आणि तो तुमच्या वर्गातल्या कुणापेक्षाही तुम्ही चांगला विचारू शकता.

आता तुमचा पहिला प्रश्न: हा सार्वजनिक आरोग्याचा विषय, की व्यवसायप्रेम? खरं सांगू का, थोडं दोन्ही आहे, आणि तुम्हाला आलेली शंका अगदीच बिनबुडाची नाही. एखादी गोष्ट सार्वजनिक आरोग्याची ठरवताना आपण साधारणपणे तिचा त्रास किती जणांना होतो, तो किती खोल आहे, समाजाला केवढ्याला पडतो आणि परवडेल अशा खर्चात टाळता येतो का, हे बघतो. पहिल्या तिन्हींवर तोंडाचे आजार सहज बसतात. श्रीमंत देशांतही दातांचे उपचार एकूण आरोग्यखर्चाच्या सरासरी ५ टक्के असतात, पण लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चात त्यांचा वाटा २० टक्के आहे. म्हणजे विमा आणि सरकार इतर सगळीकडे हात देतात आणि तोंडाशी आले की हात आखडता घेतात.

चौथ्या गोष्टीवर मात्र तुमच्या व्यवसायानं बराच घोळ घातला आहे, असं माझं मत आहे. दात किडण्याची प्रक्रिया तुम्हाला पाठ असेल, पण इतर वाचकांसाठी सांगते. दातावरच्या चिकट थरातले जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की तोंडातला ‘पीएच’ हा आकडा उतरतो; तो साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. थोड्या वेळानं लाळ ते आम्ल सौम्य करते आणि खनिजं परत बसतात. फ्लोराइड असेल तर ती जास्त पक्की बसतात. दिवसभरात साखर वारंवार तोंडात जात राहिली तर विरघळणं जिंकतं. म्हणजे हा आजार ठरतो तो साखर किती स्वस्त आणि किती हाताशी आहे, फ्लोराइडची टूथपेस्ट घरात आहे का, आईवडिलांना मुलाजवळ उभं राहायला वेळ आहे का, यावर. दवाखान्यातल्या खुर्चीवर माणूस येतो तोवर हे सगळं घडून गेलेलं असतं. खुर्चीवर जे होतं ती दुरुस्ती. ती गरजेचीच आहे, पण दुरुस्त्या वाढवून नवे खड्डे पडायचे थांबत नाहीत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१९मध्ये मौखिक आरोग्यावर लेखमाला काढली, तीत हेच फार परखडपणे मांडलं होतं: उपचारांवर आणि यंत्रांवर उभं असलेलं आजचं दंतवैद्यक जगाचा हा भार हलका करू शकलेलं नाही. तेव्हा तुमच्या गटचर्चेत तुम्ही ‘मौखिक आरोग्य’ म्हणालात आणि समोरच्यांच्या डोळ्यांपुढे खुर्च्या, ड्रिल आणि रूट कॅनल उभे राहिले असतील, तर त्यांचं हसणं मी निम्मं माफ करेन. तुटपुंज्या बजेटात खुर्च्या विकत घेऊ नयेतच.

हा गैरसमज आला कुठून? तोंड हे शरीरापासून वेगळं, असं शरीरशास्त्रात कुठेच नाही. ते वेगळं झालं संस्थांमुळे. १८४०मध्ये बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय निघालं, वैद्यकीय महाविद्यालयापासून स्वतंत्र. पुढे बहुतेक देशांत तोच पायंडा पडला: वेगळं शिक्षण, वेगळी नोंदणी, वेगळी बिलं, वेगळा विमा किंवा विमाच नाही. डॉक्टर घसा तपासायला तोंड उघडायला लावतो आणि दातांवरून नजर घसरवत पडजिभेपर्यंत जातो, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही. तुमचा ‘खरं सार्वजनिक आरोग्य’ हा शब्दप्रयोग त्याच भिंतीच्या आतून आला आहे. म्हणून ‘दात सोडू का’ या प्रश्नाला मी हो किंवा नाही म्हणणार नाही. त्या भिंतीच्या कुठल्या बाजूला उभं राहू, असं विचारणंच मला पटत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगते, कारण या मोहात भलेभले पडतात. दातांना वजन यावं म्हणून ‘हिरड्या खराब तर हृदयविकार’ ही शिफारसपत्रं खिशात घेऊन फिरू नका. हिरड्यांचे विकार आणि हृदयविकार एकत्र आढळतात हे खरं, पण एकामुळे दुसरा होतो असं म्हणायला पुरावा नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननंच २०१२मध्ये स्पष्ट केलं होतं. मधुमेहाचा संबंध जास्त भक्कम आहे आणि तो दुहेरी आहे. तो जरूर सांगा. बाकी दुखरा दात हाच पुरेसा मुद्दा आहे. चावता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची भूक किंवा झोप न झालेल्या मुलाचा शाळेतला दिवस महत्त्वाचा ठरवायला हृदयाची सही कशाला हवी?

हृदय बाजूला ठेवा आणि साखर धरा. २०००च्या सुमारास ऑब्री शेहॅम आणि रिचर्ड वॅट या मौखिक आरोग्याच्या अभ्यासकांनी ‘सामाईक धोक्यांचा’ विचार मांडला. साखर, तंबाखू, दारू आणि गरिबी ही कारणं दातांनाही तीच आणि मधुमेह, कर्करोग, हृदयविकारालाही तीच. मग प्रत्येक आजाराची वेगळी मोहीम कशाला? २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साखरेची मर्यादा घालून दिली: वरून घातलेल्या आणि रसांतल्या साखरेतून दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. ती ठरवताना वजनवाढीच्या जोडीनं दातांच्या किडीचा पुरावा मुख्य आधार होता. ‘हलक्या’ विषयानं जगाच्या आहाराचं धोरण ठरवायला मदत केली, हे तुमच्या वर्गात बहुधा कुणाला माहीत नसेल.

साखर उद्योगाला मात्र दातांचं महत्त्व फार पूर्वीच कळलं होतं. अमेरिकेत १९७१मध्ये दातांच्या किडीविरुद्ध राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम सुरू झाला. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं उद्योगाची जुनी अंतर्गत कागदपत्रं उघड केली. साखर दात किडवते हे उद्योगाला ठाऊक होतं, म्हणून साखर कमी करण्याऐवजी दातांवरचा थर फोडणारी विकरं (एन्झाइम) आणि किडीवरची लस अशा संशोधनाकडे पैसा वळावा यासाठी त्यांनी कार्यक्रमाच्या कर्त्याधर्त्यांशी संबंध जोडले, आणि त्यांनी सुचवलेलं बरंचसं त्या कार्यक्रमानं संशोधनाचे प्रस्ताव मागवले त्या पहिल्या आवाहनात उतरलं. ती लस अजूनही आलेली नाही. ज्या विषयात कुणाचे हितसंबंध नसतात त्यावर एवढी मेहनत कुणी घेत नाही. पुढच्या गटचर्चेत हा किस्सा सांगून बघा. हसणारा तो मुलगा साखरयुक्त पेयांवरच्या कराच्या बाजूनं नक्कीच असेल. मग तुम्ही दोघं एकाच प्रकल्पावर आहात.

धोरणाच्या पातळीवर सध्या वारा तुमच्या दिशेनं आहे. २०११मध्ये असंसर्गजन्य आजारांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात तोंडाच्या आजारांचा जेमतेम उल्लेख होता. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेनं मौखिक आरोग्यावर ठराव केला, २०२२मध्ये धोरण आणि २०२३मध्ये २०३०पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. डिसेंबर २०२३मध्ये नोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत जागा मिळाली. नोव्हेंबर २०२४मध्ये बँकॉकला संघटनेची या विषयावरची पहिली जागतिक बैठक झाली. आराखड्याचं उद्दिष्ट असं: २०३०पर्यंत जगातल्या ८० टक्के लोकांना मूलभूत मौखिक आरोग्यसेवेचा हक्क, आणि मुख्य तोंडाच्या आजारांच्या प्रमाणात १० टक्क्यांची सापेक्ष घट. ८० आणि १०! हक्क कागदावर देता येतो आणि आजार कागदावर कमी होत नाही, हे त्या दोन आकड्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं आहे. ठरावांवर भाळून विषय निवडू नका, एवढंच म्हणते. पण ‘या विषयाला भविष्य नाही’ ही भीती आज तरी जुनी झाली आहे.

तुम्ही ज्या जागी काम करू शकता ती या कागद आणि तोंड यांच्या मधली आहे. एक उदाहरण जवळून बघू. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची टूथपेस्ट आली, दात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट आलं आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडही आलं. हे तिसरं औषध तुम्ही वापरलंच असेल. किडलेला दात कापसानं कोरडा करायचा, इवल्याशा ब्रशच्या टोकावर एक थेंब घ्यायचा, खड्ड्यात लावून साधारण मिनिटभर थांबायचं. सुई नाही, ड्रिल नाही, वीज लागत नाही. बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते आणि मऊ झालेला भाग कडक होतो. आणि तो भाग काळाकुट्ट होतो.

आता या एका थेंबाभोवती किती प्रश्न आहेत ते बघा. हा थेंब लावायला दंतवैद्यच हवा का? परिचारिका, आरोग्यसेविका लावू शकते का? तिला कायदा परवानगी देतो का, आणि देत नसेल तर आडवं कोण येतं? (उत्तर बरेचदा ‘दंतवैद्यांची संघटना’ असं निघतं, हे जरा जिव्हारी लागेल.) न्यूझीलंडनं १९२१मध्येच शाळकरी मुलांसाठी खास दंतपरिचारिका शिकवायला घेतल्या, फिलिंगही त्या करत. शंभर वर्षं झाली तरी अनेक देशांत हा वाद अजून पहिल्याच पायरीवर आहे. दुसरा प्रश्न आईचा. लेकराच्या पुढच्या दातावर काळा डाग बघून ती काय म्हणेल? तिला आधी सांगितलं होतं का, की उपचारानंतर घरी आरशात दिसलं? ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असं म्हणून ती मुळात येणारच नसेल तर? आणि श्रीमंतांच्या मुलाला पांढरं फिलिंग, गरिबाच्या मुलाला काळा दात, यात न्याय कुठे बसतो? यातला कुठलाही एक प्रश्न धरलात तर त्यावर उत्तम प्रबंध होईल, आणि त्याला हलका म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

आता विषयाच्या निवडीकडे येते. क्षयरोगाचा प्रकल्प मी सहजासहजी फेकून देणार नाही. तयार माहिती, निधी आणि त्यात मुरलेला मार्गदर्शक या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणं दुर्मीळ. माहितीचं विश्लेषण, खर्चाचा हिशेब, आरोग्ययंत्रणा चालते कशी, हे तिथे शिकाल आणि ते कुठल्याही विषयाला लावता येईल. प्रबंध म्हणजे काही लग्न नव्हे; क्षयरोगावर लिहून पुढे तोंडाच्या आरोग्यात परत येता येतं. तुमच्याकडे आकडेवारीची आणि संशोधनपद्धतीची बाजू कच्ची असेल, तर हा प्रकल्प घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. मात्र कारण तेच असलं पाहिजे. वर्गातल्या हशाला घाबरून घेतलात, तर दोन वर्षांनी तो प्रकल्प तुम्हाला टोचेल.

तुमच्या दुसऱ्या पर्यायावर मी जास्त कडक होणार आहे. शाळकरी मुलांच्या दातांचं सर्वेक्षण करू नका. किडलेले, काढलेले, भरलेले दात मोजणारी सर्वेक्षणं जगभर ढिगांनी झाली आहेत. आरसा घेऊन प्रत्येक मुलाच्या तोंडात डोकावायचं, आकडे भरायचे, शेवटी ‘प्रमाण चिंताजनक आहे, जनजागृतीची गरज आहे’ असं लिहायचं. मुलं आपापला किडका दात घेऊन वर्गात परत जातात. जे माहीतच आहे ते पुन्हा मोजण्यासाठी मुलांची तोंडं उघडायला लावणं मला नैतिकदृष्ट्याही खटकतं.

शाळा ठेवा, मोजणी काढून टाका. फिलिपिन्समध्ये शाळांत रोज सगळ्या मुलांनी एकत्र हात धुवायचे, फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासायचे आणि ठरावीक काळानं जंताची गोळी घ्यायची, असा कार्यक्रम शिक्षकांच्या हाती देऊन मोठ्या प्रमाणावर चालवला गेला. त्यातली खुबी अशी की तो दातांचा कार्यक्रम म्हणून आलाच नाही. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून रोज दात घासून घेतात, तेही सरकारी कार्यक्रम म्हणून. ब्राझीलनं २००४मध्ये मौखिक आरोग्याचं राष्ट्रीय धोरण आणून दंतपथकं प्राथमिक आरोग्यसेवेत बसवली आणि २०२३मध्ये त्याला कायद्याचं बळ दिलं, म्हणजे सरकार बदललं की योजना गुंडाळता येऊ नये. अशा कार्यक्रमांना घेऊन विचारण्यासारखं पुष्कळ आहे. पेस्टची नळी संपली की नवीन कोण आणतं? ते कुठल्या खात्याच्या हिशेबात लिहिलं जातं, आरोग्याच्या की शिक्षणाच्या? शिक्षक बदलला की घासणं थांबतं का? एखाद्या शाळेत ते वर्षानुवर्षं टिकतं आणि शेजारच्या शाळेत चार महिन्यांत बंद पडतं, हे कशामुळे? मला विचाराल तर यातला विषय घ्या. यासाठी लागणाऱ्या मुलाखती आणि हिशेबाची कागदपत्रं एकट्या विद्यार्थ्यालाही झेपण्यासारखी आहेत.

ठरवण्यापूर्वी दोन्ही विषयांवर एकेक पान लिहा. प्रत्येकावर दोनच गोष्टी: माझा नेमका प्रश्न काय, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर कोण, कुठल्या पदावरचा माणूस, काय वेगळं करेल. दुसऱ्या जागी ‘धोरणकर्ते’ किंवा ‘समाज’ असं मोघम लिहावं लागलं तर तो विषय अजून कच्चा आहे. ती दोन पानं घेऊन मार्गदर्शकांकडे जा. आणखी एक विचारून ठेवा: असंसर्गजन्य आजारांच्या धोक्यांची पाहणी करायला जागतिक आरोग्य संघटनेची ‘स्टेप्स’ नावाची पद्धत आहे, तिच्यात मौखिक आरोग्याचा ऐच्छिक भाग आहे. अशी माहिती कधी गोळा होऊन नुसती पडून असते; मार्गदर्शकांच्या ओळखीत कुणाकडे ती असेल तर तुमचं अर्धं काम झालं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. तुमच्यापैकी कुणी गर्भवतींच्या तपासणीत, मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा तंबाखू सोडवण्याच्या केंद्रात काम करत असेल, तर दातांसाठी वेगळी मोहीम मागत बसू नका. तुमच्या आहे त्या फॉर्मवर एक ओळ वाढवून घ्या: तोंडात दुखतं का, हिरड्यांतून रक्त येतं का, दोन आठवड्यांहून जुना व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा आहे का. आणि ‘हो’ आलं तर पाठवायचं कुठे, ते आधी ठरवा. नाहीतर ती ओळ भरून कुणाचंच भलं व्हायचं नाही. शाळा चालवणाऱ्यांनी पेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण १००० ते १५०० पीपीएम आहे ना एवढं बघावं, लहानग्यांना अगदी थोडी पेस्ट द्यावी आणि घासून झाल्यावर थुंकायला सांगावं, खळखळून चुळा भरायला लावू नयेत.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. ‘मौखिक आरोग्य’ अशी पाटी असलेल्या जागा सार्वजनिक आरोग्यात थोड्याच असतात. तुम्हाला बहुधा असंसर्गजन्य आजार, शालेय आरोग्य किंवा आरोग्यवित्त अशा पाटीखाली काम मिळेल, आणि तोंडाचा विषय तिथे तुम्हाला आत न्यावा लागेल. म्हणून साथरोगशास्त्र आणि बजेट वाचायची कला या दोन गोष्टी पक्क्या करा. दंतवैद्य म्हणून असलेली नोंदणी चालू ठेवा, आणि जमेल तेव्हा खुर्चीशेजारी उभ्या राहा. बैठकीत ‘परवा माझ्यासमोर बसलेल्या रुग्णानं’ असं म्हणू शकणारी माणसं फार कमी असतात.

राहिला बाबांचा प्रश्न. मला त्यात तिरकेपणा दिसत नाही. इतकी वर्षं उभा केलेला दवाखाना पुढे कोण बघणार, ही काळजी दिसते. तिचं उत्तर जागतिक आकडेवारीनं देऊ नका. त्यांना विचारा: तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण दुखायला लागण्याआधी येतात? किती जण आधी वेदनाशामक गोळ्या खाऊन बघतात? वाचवता आला असता असा दात किती वेळा काढावा लागतो, आणि का, पैशासाठी की उशीर झाला म्हणून? ते बोलायला लागले की वही काढा. तुमच्या मार्गदर्शकांनाही जे सांगता येणार नाही ते त्यांना तोंडपाठ असेल, आणि तुम्ही शिकताय ते त्यांच्याच कामाचं पुढचं टोक आहे हे तुम्हाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दवाखान्याचं मात्र खोटं आश्वासन देऊ नका. आठवड्यातून एखादा दिवस बसणार असाल तर तसं सांगा, बसणार नसाल तर तेही सांगा, म्हणजे त्यांना दुसरा जोडीदार शोधता येईल.

विषय कळवायची शेवटची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. जवळ असेल तर मार्गदर्शकांकडे ती दोन पानं या आठवड्यातच न्या. बाबांशी बोलायला सुट्टीची वाट पाहिली तरी चालेल.